पहिले पाच हजार किलोमीटर: भाचीच्या एम-२ च्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा. ओडोमीटर १४

गाडी आज ताब्यात आली. बीएमडब्ल्यू एम-२, सहा सिलिंडर, तीन लिटर, दोन टर्बो, ४६० अश्वशक्ती आणि ५५० न्यूटन-मीटर टॉर्क. सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर आणि गिअर हाताने टाकायचे. भाचीने मुद्दाम मॅन्युअल मागवली. आजवर तिने चालवलेली सर्वात जोरकस गाडी म्हणजे १२० अश्वशक्तीची हॅचबॅक. बहिणीने मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "दादा, पाच हजार किलोमीटर होईपर्यंत तू तिच्या शेजारी बस." म्हणून ही वही. मी इंदूरजवळ पीथमपूरला, वाहनांच्या कारखान्यात, आधी गिअरबॉक्सच्या लाइनवर आणि मग टेस्टिंगमध्ये नोकरी काढली, त्यामुळे वही ठेवायची सवय जुनीच. नवीन मालकांपैकी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

शोरूममधून निघण्याआधी तीन कामं केली. चारही टायरवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही याच वर्षीचे निघाले. हवा मोजायला लावली, कारण जहाजातून आणि ट्रेलरवरून येणाऱ्या गाडीत हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि कधी कधी ती तशीच राहून जाते. मग स्पेअर किल्ली, ओढायचा हूक आणि चाकाच्या लॉक-बोल्टची चावी हातात घेऊन पाहिली. ही चावी हरवली तर चाक काढता येत नाही.

पूजा घरी झाली. हळदी-कुंकू काचेवर लावलं, रंगावर नाही. कुंकवाचा डाग ओला राहिला तर वरच्या थरात उतरतो. नारळ गाडीपासून चार पावलं लांब, फरशीवर फोडला. चाकाखाली लिंबं ठेवली, ती खुशाल ठेवावीत.

१३ ऑक्टोबर, रविवार. ओडोमीटर ३१

आज गाडी हलवली नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं, दोघांनी मिळून, मोठ्याने.

पुस्तकातला मजकूर असा: २००० किमीपर्यंत ५५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जायचं नाही, ताशी १७० च्या वर जायचं नाही, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा नाही. २००० ते ५००० च्या दरम्यान हळूहळू वाढवत न्यायचं. टायरना पकड यायला सुमारे ३०० किमी लागतात, ब्रेक आणि क्लच बसायला सुमारे ५००. आपल्याकडे १७० हा आकडा कागदावरच राहणार, कारण कायद्याने एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहरात ७० ही कमाल मर्यादा आहे. पण आरपीएमची मर्यादा पहिल्या गिअरमध्येही ओलांडता येते. लक्ष तिकडे हवं.

भाचीने विचारलं, "मामा, आजकालची इंजिनं कारखान्यातच तयार होऊन येतात ना? हे रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीला जपून चालवणं, जुन्या काळचं नाही का?" प्रश्न चांगला होता. इंजिनापुरतं तिचं म्हणणं बरंचसं खरं आहे. सिलिंडरची भिंत आज इतकी अचूक घासलेली असते की पिस्टनच्या रिंगा लवकर बसतात. पण मागच्या डिफरन्शिअलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या पेटीचं, तसं नाही. त्यातल्या दोन गिअरांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, ते घसरतही असतात. कारखान्यात कितीही जोडी जुळवून बसवली तरी दाताचा दाताशी खरा परिचय रस्त्यावर, वजनाखाली होतो. त्या परिचयात धातूची अगदी बारीक भुकटी निघते आणि ती तेलात मिसळते. त्या दिवसांत एकदम पूर्ण जोर दिला तर दाताच्या छोट्याशा भागावर सगळा भार येतो, तिथे उष्णता साठते आणि दाताचा पृष्ठभाग कायमचा खरवडतो. आमच्या लाइनवर परत आलेले असे दात मी हातात घेतले आहेत. बोट फिरवलं की कळतं. अशी गाडी पुढे आयुष्यभर गुणगुणत राहते, आणि मालकाला वाटतं की आवाज टायरचा आहे.

एक गोष्ट पुस्तकात ठळक नाही, म्हणून इथे लिहितो. बसायची जागा. भाचीने सीट तिच्या जुन्या गाडीसारखी लांब, मागे झुकवलेली ठेवली होती. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. जोरात ब्रेक मारायची वेळ आली की पाय ताठ असलेला माणूस पूर्ण दाब देऊ शकत नाही. अर्धा तास यात गेला. तो मला महत्त्वाचा वाटतो.

२० ऑक्टोबर, रविवार. ओडोमीटर १९०

आठवडाभरात लक्षात आलेली मोठी गोष्ट लिहितो. बाकीच्या सगळ्या नोंदी विसरल्या तरी ही राहावी.

वेगवान गाडीत वेगाच्या आधी ऊब येते. तेल गरम हवं, टायर गरम हवेत, ब्रेक निदान कोमट हवेत, आणि चालवणाराही जागा झालेला हवा. या चारांपैकी एक जरी थंड असेल तर ४६० अश्वशक्तीतले निम्मे घोडे तबेल्यातच ठेवायचे.

तेलाचं सांगतो. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत जागेवर येतो आणि लोक समजतात की इंजिन तापलं. इंजिनचं तेल त्याच्या बरंच मागे असतं. थंड तेल जाड असतं, ते टर्बोच्या बेअरिंगपर्यंत आणि कॅमशाफ्टपर्यंत हवं तसं पोचत नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधलं तेल तर आणखी उशिरा तापतं, कारण तिथे आग नाही, नुसतं घर्षण आहे. या गाडीत तेलाच्या तापमानाचा आकडा पडद्यावर दिसतो. आरपीएमच्या पट्टीवरही तेल थंड असेपर्यंत वरचा भाग इशारा दाखवतो आणि जसं तेल तापतं तसा तो इशारा मागे सरकतो. आम्ही नियम ठरवला: तेल ८० अंशांना पोचेपर्यंत ३००० च्या वर नाही. आकडा पुस्तकातला नाही, माझा आहे.

गाडी उभी ठेवून तापवत बसायचं नाही. त्यात तेल तर सावकाश तापतंच, शिवाय पेट्रोल वाया जातं. चालू करायची, अर्ध्या मिनिटाने निघायचं आणि हळू चालवायचं.

यातून एक अडचण निघते. आपलं इंदूर छोट्या फेऱ्यांचं शहर आहे. सकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे, रात्री सराफा बाजारात खाणं. भाचीच्या घरून छप्पन दुकान चार किलोमीटर. चार किलोमीटरमध्ये तेल तापत नाही, आणि थंड इंजिनात जमलेली वाफ व पेट्रोलचा अंश तेलातच राहतो. म्हणून पोह्यांना ॲक्टिव्हाने जायचं, हा नियमही ठरला. ही गाडी बाहेर काढली तर निदान २०-२५ किलोमीटर चालली पाहिजे.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा. ओडोमीटर ५२०

दिवाळीचे चार दिवस गाडी बेसमेंटमध्येच. जळक्या फटाक्याचा तुकडा बोनेटवर पडला तर रंग फुगतो.

आज रॅम्पचा हिशोब केला. भाचीच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमधून वर येताना जिथे उतार संपून सपाट सुरू होतं, तिथे पुढचा बंपर टेकेल अशी भीती होती. गाडी घेऊन प्रयोग करण्याऐवजी आम्ही एक सरळ फळी, टेप आणि खडू घेतला. पुढच्या चाकापासून बंपरच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं, बंपरच्या खालच्या कडेची उंची मोजली, आणि तेच माप फळीवर मांडून रॅम्पवर सरकवून पाहिलं. सरळ गेलं तर दोन बोटं कमी पडत होती. तिरकं गेलं, म्हणजे एक चाक आधी आणि दुसरं नंतर, तर निघत होतं. मग गाडी आणली. निघाली. नवीन गाडी बुक करण्याआधीच हे करावं असं माझं स्पष्ट मत आहे. घरातून बाहेर न पडू शकणारी गाडी घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

स्पीडब्रेकरचा प्रश्न रॅम्पपेक्षा कठीण. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गोलाई इतकी पसरट की साधारण २५ च्या वेगाने आरामात ओलांडता यावा. कॉलन्यांमधले गतिरोधक रहिवाशांनी रात्रीत सिमेंट टाकून केलेले असतात. ते अरुंद आणि टोकदार. तिथे तिरकं, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने, आणि ओलांडताना ब्रेकवरून पाय काढून. ब्रेक दाबलेला असला की नाक खाली झुकतं आणि नेमकं तेव्हाच टेकतं. ही एक गोष्ट कळली आणि भाचीचं घासणं थांबलं.

ओळखीच्या गल्ल्या आता तिने स्वतः ठरवल्या आहेत. रामबागेत आजीकडे जायचं तर ही गाडी नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार. ओडोमीटर १०६०

पहाटे साडेपाचला निघून मांडूपर्यंत जाऊन आलो. रनिंग-इनसाठी महामार्गावर एकाच वेगाने तासन् तास जाणं बरं नाही. वेग आणि गिअर बदलत राहायला हवेत, म्हणून धारच्या पुढचा रस्ता सोयीचा पडला. चौथ्यात ८०, मग तिसऱ्यात, मग सहाव्यात. ॲक्सिलरेटर सोडून, गिअरमध्येच, इंजिनच्या जोरावर गाडी मंद होऊ देणंही यात येतं.

पेट्रोलबद्दल. सध्या, २०२४ मध्ये, साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. एवढ्या दाबाच्या टर्बो इंजिनला पुस्तक ९८ ची शिफारस करतं. आपल्याकडे इंडियन ऑईलचं ९५ ऑक्टेनचं एक्सपी-९५ सहज मिळतं, आम्ही तेच भरतो. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, असा समज आहे, तो चुकीचा. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपणहून पेट न घेण्याची क्षमता. कमी ऑक्टेन भरलं तर इंजिनातला नॉक सेन्सर पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका ऐकतो आणि ठिणगीची वेळ मागे घेतो. इंजिन वाचतं, पण ताकद कमी होते आणि उष्णता वाढते. ज्या इंजिनासाठी ९१ पुरेसं आहे त्यात ९५ भरून काही मिळत नाही. ज्याला ९८ हवं आहे त्यात ९१ भरणं म्हणजे त्याला रोज थोडं थोडं दुखवणं. पंपावरचा मुलगा नळी उचलण्याआधी स्वतः उतरून सांगायचं. गर्दीत चूक होते.

पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये.

९ डिसेंबर, सोमवार. ओडोमीटर १९८०

रनिंग-इन सर्व्हिस. एम गाड्यांना २००० किमीला इंजिन ऑईल आणि मागच्या डिफरन्शिअलचं ऑईल, दोन्ही बदलायचं असतं. वर लिहिलेली ती धातूची भुकटी यात बाहेर जाते. सेकंड-हँड एम गाडी घेणाऱ्याने पहिल्यांदा याच सर्व्हिसची नोंद मागावी. ती नसेल तर मी तरी तशी गाडी घेणार नाही.

डिफरन्शिअलच्या नटाला लोहचुंबक असतं. मी ते पाहायला मागितलं. राखाडी लोण्यासारखा पातळ थर, बोटावर घासला तर खरखर नाही. हे निरोगी. सुईसारखे तुकडे असते तर काळजी.

तेलाची पातळी या इंजिनात काठीने नाही, पडद्यावर मोजायची. इंजिन गरम, जागा सपाट, गाडी चालू. भाचीला तिथेच करायला लावलं. आता दर हजार किलोमीटरला ती मोजेल.

लग्नसराई चालू आहे. हॉटेलच्या दारात व्हॅलेला किल्ली द्यायची नाही, एवढंच लिहून ठेवतो. लांब लावायची आणि चालत यायचं.

२८ डिसेंबर, शनिवार. ओडोमीटर २३५०

मावठा. रात्रीपासून पाऊस.

सुपर कॉरिडॉरवर सिग्नल सुटला, भाची दुसऱ्या गिअरमध्ये डावीकडे वळली आणि मागचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं. तिने पाय जरासाच जास्त दिला होता. गाडीची शेपूट उजवीकडे एक वीत सरकली, स्थिरतेच्या यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी परत सरळ झाली. सगळं मिळून एक सेकंद. ती घाबरली. मीही.

पुढे गाडी बाजूला घेतली आणि बोललो. "मामा, मी काही चुकीचं केलं का?" तिने विचारलं. नाही, चुकीचं असं काही नाही. पांढरा रंग ओला असला की डांबरापेक्षा फार निसरडा असतो. पावसाचं पहिलं पाणी रस्त्यावरचं तेल वर आणतं. या टर्बो इंजिनात साधारण २६५० आरपीएमला पूर्ण टॉर्क मिळतो, म्हणजे गर्दीत चालवायच्या आरपीएमलाच. हॅचबॅकमध्ये जेवढा पाय द्यायची सवय आहे, तेवढ्याच पायात इथे चौपट माल येतो. आणि रुंद टायर ओल्यात जास्त धरतो हा समजही उलटा आहे. मागचा टायर २८५ मिलिमीटर रुंद आहे. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो.

मागचं चाक सरकलं की पाय झटकन उचलायचा नाही. झटकन उचलला की वजन पुढे येतं, मागचं चाक आणखी हलकं होतं आणि सरकणं वाढतं. पाय हळू मागे घ्यायचा आणि नजर जायचं तिकडे ठेवायची. हात नजरेमागे जातात.

स्टिअरिंगवर एम-१ आणि एम-२ अशी दोन लाल बटणं आहेत, त्यात आपापल्या सेटिंग साठवता येतात. आज पहिल्या बटणावर आम्ही सर्वात मवाळ सगळं भरलं: इंजिन मवाळ, सस्पेन्शन मऊ, स्थिरतेची यंत्रणा पूर्ण चालू. तिने त्याला 'पाऊस' नाव दिलं. दुसरं बटण ५००० किमीपर्यंत रिकामं राहील. या गाडीत दहा पायऱ्यांचं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण ते स्थिरतेची यंत्रणा बंद केल्यावरच हाती येतं. सार्वजनिक रस्त्यावर ते उघडायचं नाही. यावर चर्चा नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार. ओडोमीटर २७१०

माळव्याची थंडी. पहाटे बाहेरचा आकडा ८.

शब-ए-माळवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक आपण सगळेच करतो, पण उन्हाळी टायरला ती मानवत नाही. या गाडीवरचे टायर उन्हाळी मिश्रणाचे आहेत. ७ अंशांच्या आसपास आणि त्याखाली त्यांचं रबर कडक होतं आणि रस्त्यावर प्लास्टिकसारखं सरकतं. पहिले आठ-दहा किलोमीटर म्हाताऱ्यासारखं चालवायचं.

हवासुद्धा थंडीत कमी होते, दर १० अंशांना सुमारे दीड पीएसआय. ऑक्टोबरच्या दुपारी मोजलेली हवा जानेवारीच्या पहाटे तीन-चार पीएसआयने उतरलेली असते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजायची. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. पुढचा आणि मागचा वेगळा, एकट्याचा आणि सामानासकटचाही वेगळा.

परत येताना राऊजवळ बायपासवर मागच्या उजव्या टायरमध्ये स्क्रू. डिकीत स्टेपनी नाही, फक्त पंप आणि सीलंटची बाटली. हवा सावकाश जात होती, म्हणून बाटली न वापरता पंपाने भरून पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेलो. त्याने जॅक थेट दाराखालच्या कडेला लावायला घेतला. मी हात धरला. जॅक लावायच्या चारच जागा आहेत, रबरी ठोकळे आहेत तिथे. कडेला लावला असता तर पत्रा आत गेला असता. स्क्रू मधल्या पट्ट्यात होता, त्यामुळे आतून पॅच लावता आला. कडेच्या भिंतीत असता तर टायर बाद. चाक बसवताना त्याने हवेची बंदूक घेतली, तीही थांबवली. माझा टॉर्कचा पाना डिकीत असतो. १४० न्यूटन-मीटर, ताऱ्याच्या क्रमाने, आणि ५० किमीनंतर पुन्हा तपासायचं. दुकानदार चांगला माणूस होता, त्याने ऐकून घेतलं आणि मोजायचे आकडे भिंतीवर लिहूनही ठेवले.

या प्रकारच्या गाडीला ओढून न्यायची वेळ आली तर सपाट पाठीचा ट्रकच बोलवावा. नंबर आजच फोनमध्ये घातला. ओढायचा हूक बंपरच्या झाकणामागे फिरवून बसवायचा असतो. अंधारात शिकण्यापेक्षा भाचीने दिवसाउजेडी दोनदा बसवून काढला.

पुढचे टायर २७५, मागचे २८५, आणि रिमही वेगळ्या. म्हणजे पुढचे मागे टाकून झीज सारखी करता येत नाही. मागची जोडी आधी संपणार. तो खर्च पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवायला हवा. विमा आणि हप्त्याचा हिशोब सगळे करतात, टायरचा फार थोडे करतात.

२६ जानेवारी, रविवार. ओडोमीटर ३०६०

जाम घाट. महूवरून मंडलेश्वरकडे उतरणारा. पहाटे गेलो, कारण नऊनंतर तिथे सेल्फीवाल्यांची गर्दी असते.

माळव्याचं पठार संपून निमाड सुरू होतो तिथे रस्ता वेड्यावाकड्या वळणांनी खाली जातो. भाची प्रत्येक वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवून राहत होती. चौथ्या वळणाला मला वास आला. थांबवलं, पण ब्रेक दाबून उभं राहिलो नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला तर तिथेच पॅडचा ठसा बसतो आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं. हळू पुढे नेत नेत, हवा लागू देत थांबलो. हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवली आणि चाकाला दगड लावला.

उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिनला वजन धरू द्यायचं, ब्रेक सरळ रस्त्यावर जोरात आणि थोडा वेळ मारायचा, वळणाच्या आत शिरण्याआधी सोडायचा. पायावर पाय ठेवल्यासारखा हलका, लांब ब्रेक हा सर्वात वाईट. दहाव्या वळणापर्यंत तिला लय सापडली. तिचा चेहरा बदलला. ताकद सगळ्यांना लगेच कळते. या गाड्यांचं खरं सुख मात्र मंद होण्यात आणि वळण्यात आहे, आणि ते ७० च्या मर्यादेत राहूनही पुरेपूर मिळतं. मला आज फार आनंद झाला.

परतताना दोन मोटरसायकलवाले मागे लागले. शेजारी येऊन आवाज काढायचे, एकाच्या हातात मोबाईल. भाचीने गाडी चहाच्या टपरीवर घेतली आणि त्यांना जाऊ दिलं. ती हे न सांगता शिकली. अशी गाडी रस्त्यावर आली की तिच्याभोवतीच्या लोकांचं वागणं बदलतं, आणि त्यांच्या चुकांसाठी जागा आपण सोडायची असते.

९ फेब्रुवारी, रविवार. ओडोमीटर ३४००

आज विम्याची पॉलिसी वाचली. सगळ्यांनी एकदा वाचावी. 'वापराच्या मर्यादा' या भागात शर्यत आणि वेग-चाचणी वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर भरपाई नाही. भाचीला एकदा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर चालवायची इच्छा आहे. जरूर जावं, मोकळ्या ट्रॅकवर प्रशिक्षकाबरोबर एक दिवस हे रस्त्यावरच्या वर्षभरापेक्षा जास्त शिकवतं. पण तिथे नुकसान स्वतःचं, हे आधी ठरवून जावं. घ्यायचीच असतील ती जोड कलमं: घसारा न कापणारं, इंजिनात पाणी शिरलं तर भरून देणारं, आणि गाडी चोरीला गेली तर बिलाची पूर्ण रक्कम देणारं.

"मग आपल्या नॅट्रॅक्सवर?" तिचा पुढचा प्रश्न. पीथमपूरचा तो ११.३ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक २९ जून २०२१ ला सुरू झाला. वळणावर २५० च्या वेगाला स्टिअरिंग धरावंही लागू नये असा उतार दिलेला. अभिमान वाटावा असाच आहे, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. हौशी मालकाला गेट उघडून आत जाता येत नाही. आणि बायपास हा त्याला पर्याय नाही.

सायलेन्सर बदलण्याचा विषयही आज संपवला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि वॉरंटीवरही परिणाम होतो. मूळ आवाज पुरेसा चांगला आहे.

घरी जाताना माणिकबागेवरून गेलो. होळकरांचा जुना राजवाडा, आता तिथे जीएसटीचं कार्यालय आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे मागवली होती, सुपरचार्ज्ड आठ सिलिंडर, ३२० अश्वशक्ती, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधलेलं भगवं आणि काळं अंग. टायर आजच्या मानाने अरुंद, ब्रेक ड्रमचे, आणि मदतीला इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कुठलीच नाही. ती चालवायला काय हात लागत असतील, यावर भाची आणि मी घरापर्यंत बोलत होतो.

९ मार्च, रविवार. ओडोमीटर ३९९०

ऊन वाढलं. धुण्याबद्दल दोन ओळी. वॉचमनचा ओला गमछा गाडीला लागता कामा नये, त्यातली वाळू रंगावर गोल गोल ओरखडे काढते. आधी नुसतं पाणी, मग दोन बादल्या, एक साबणाची आणि एक कापड खळबळायची. सावलीत, बोनेट गार झाल्यावर. पक्ष्याची घाण त्याच दिवशी काढायची. पुढच्या बंपरला आणि बोनेटला पारदर्शक फिल्म लावली. महामार्गावरच्या खड्यांपासून तिचा खरा उपयोग होतो. चमकीच्या कोटिंगने खडा अडत नाही.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी. ओडोमीटर ४०५०

गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. राजवाड्याच्या आसपास तर सोडाच, गाडी बेसमेंटमधूनही हलवायची नाही. आठवडाभर उभी आहे म्हणून बॅटरीला चार्जर जोडला. या गाड्यांचे संगणक झोपेतही थोडी वीज खात राहतात.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा. ओडोमीटर ४३१०

गुढी उभारून झाली. आज भाची एकटी गेली, उज्जैनपर्यंत आणि परत. निघताना मी खिडकीतून पाहत होतो. तिने सीट तपासली, हवेचा गेज चारही चाकांना लावला, दारावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. रॅम्पवर तिरकी. वर आल्यावर गाडी कोपऱ्यापर्यंत अगदी हळू, दुसऱ्या गिअरमध्ये, आवाज न करता गेली.

अडीच तासांनी आली. येताना शेवटचे तीन किलोमीटर मुद्दाम सावकाश आणले म्हणाली, टर्बोला गार व्हायला.

टायरची खोली मोजली. पुढे ६ मिलिमीटर, मागे ५. मागची डावीकडची आतली कड जरा जास्त झिजलेली वाटते, म्हणून पुढच्या आठवड्यात चाकांचं अलाइनमेंट. तेलाची पातळी ठीक. पाच हजारला ६९० किलोमीटर बाकी.